१७५ व्या क्रमांकाचा गडी: जॉन अर्शेलने फुटबॉल का सोडलं?

मंगळवार, २५ जुलै २०१७. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन विद्यापीठातल्या डॉ. ॲन मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या २०२ मृत व्यक्तींचे मेंदू त्यांनी तपासले होते. त्यातले १११ जण एनएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये खेळलेले होते. त्यांपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई सापडला. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराने मेंदू हळूहळू खराब करत नेणारा हा आजार आहे. स्मरणशक्ती, स्वभाव आणि विचार करण्याची ताकद तो टप्प्याटप्प्याने खाऊन टाकतो.

दोनच दिवसांनी, गुरुवारी, बाल्टिमोर रेव्हन्स संघाचं सराव शिबिर सुरू होत होतं. त्या सकाळी जॉन अर्शेल नावाच्या २६ वर्षांच्या खेळाडूने प्रशिक्षक जॉन हार्बो यांना कळवलं की तो निवृत्त होतो आहे. अर्शेल त्या वेळी एमआयटीत गणितात पीएचडी करत होता.

बातमीदारांना याहून जास्त मसाला लागत नाही. गणितज्ञाने आकडे पाहिले, हिशेब केला आणि मैदान सोडलं, अशी कथा संध्याकाळपर्यंत देशभर पसरली. संघातल्या सूत्रांच्या हवाल्याने ईएसपीएननेही निर्णयाचा संबंध त्या अभ्यासाशी जोडला. अर्शेलने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मात्र अभ्यासाचा उल्लेखसुद्धा नव्हता. यात मोठी बातमी वगैरे काही नाही, असं त्याने म्हटलं होतं.

ही कथा ऐकायला छान आहे, पण प्रकरण तपासायला घेतलं की ती टिकत नाही. मेंदूचा धोका अर्शेलला जुलै २०१७ मध्ये कळला नव्हता. सव्वादोन वर्षांपूर्वीच, मार्च २०१५ मध्ये, त्याने यावर जाहीरपणे लिहिलं होतं आणि सगळं माहीत असूनही आपण खेळत राहणार असं सांगितलं होतं. मग मधल्या काळात बदललं काय? या लेखाचा विषय तेवढाच आहे.

फळीतला माणूस

अर्शेल होता आक्रमक फळीतला लाइनमन. अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर दहा मिनिटं पाहिलेल्या माणसालाही क्वार्टरबॅक ओळखता येतो. चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक, आणि जाहिरातींतही तोच दिसतो. त्याच्या पुढे गुडघ्यात वाकून, एक हात जमिनीला टेकवून पाच धिप्पाड माणसं बसलेली असतात: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. समोरून धावून येणाऱ्यांना अडवून क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून देणं, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी फट पाडणं, हे त्यांचं काम. पुढे फेकलेला चेंडू झेलायची त्यांना नियमानेच परवानगी नसते. त्यांच्या नावावर धावा नाहीत, झेल नाहीत, गुण नाहीत. मैदानावर त्यांचं नाव पुकारलं जातं ते बहुतेक वेळा पंचाने चूक पकडल्यावर.

या जागेचं एक वैशिष्ट्य पुढच्या सगळ्या गोष्टीला लागू पडतं. धावणाऱ्या खेळाडूला डावात काही वेळाच जबर धडक बसते. लाइनमनला प्रत्येक चालीत बसते. चेंडू मागे सरकला की हातभर अंतरावर बसलेले दोन दीडशे किलोच्या आसपासचे देह एकमेकांवर आदळतात, आणि वाकून उठताना पुढे असतं ते डोकं. एका सामन्यात साठ-सत्तर वेळा हे घडतं, सरावातलं वेगळंच. यातल्या बहुतेक धडकांनी चक्कर येत नाही आणि कुणाला बाहेरही जावं लागत नाही, त्यामुळे त्यांची कुठे नोंद होत नाही. संशोधनाचा कल मात्र असं सांगतो की सीटीईचं नातं ठळक दुखापतींच्या संख्येपेक्षा अशा बारीकसारीक माराच्या एकूण बेरजेशी जास्त आहे. बोस्टनच्याच गटाने २०१९ मध्ये २६६ खेळाडूंच्या मेंदूंवरून काढलेला निष्कर्ष होता की खेळातलं प्रत्येक वाढीव वर्ष सीटीईची शक्यता सुमारे तीस टक्क्यांनी वाढवतं. हा आजार ज्या फुटबॉलपटूच्या मेंदूत पहिल्यांदा ओळखला गेला, तो पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर सेंटरच होता. २००२ मध्ये तो वारला तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. आणि २०१७ च्या अभ्यासातल्या त्या ११० जणांत सगळ्यात मोठा गट लाइनमनांचाच होता, ४४ जणांचा.

विनिपेग, बफेलो, पेन स्टेट

अर्शेलचा जन्म २४ जून १९९१ चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वाढला तो न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत, आईजवळ. वडील छातीच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. तरुणपणी ते कॅनडात कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळले होते. आई आधी नर्स होती, नंतर वकील झाली. दुकानात किती पैसे परत मिळायला हवेत हे मुलाने बरोबर सांगितलं तर ती सुटे त्यालाच ठेवू द्यायची, असं त्याने सांगितलेलं आहे. मुलाने एमआयटीत जावं असं तिला वाटत होतं. मुलाला मोठ्या स्टेडियममधलं फुटबॉल हवं होतं, म्हणून तो पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात गेला.

तिथे त्याने तीन वर्षांत गणिताची पदवी आणि पाठोपाठ पदव्युत्तर पदवी घेतली. सगळ्या विषयांत पूर्ण श्रेणी. खेळत असतानाच तो पदवीच्या मुलांना शिकवायलाही लागला, आधी त्रिकोणमिती आणि मग सदिश कलनशास्त्र. सूर्य, गुरू आणि लघुग्रह या तिघांच्या परस्पर ओढीतून येणाऱ्या अस्थिरतेवरचा त्याचा पहिला शोधनिबंध २०१३ मध्ये खगोलीय यामिकीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी त्याला कॅम्पबेल ट्रॉफी मिळाली. कॉलेज फुटबॉलमध्ये अभ्यास आणि खेळ दोन्हींत पुढे असणाऱ्यासाठीचा हा सर्वोच्च सन्मान.

मध्ये पेन स्टेटवर मोठं संकट येऊन गेलं. माजी सहप्रशिक्षक जेरी सँडस्की याला नोव्हेंबर २०११ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या गुन्ह्यांत अटक झाली. पाठोपाठ अनेक दशकं संघाचे सर्वेसर्वा असलेले जो पॅटर्नो यांना काढण्यात आलं. जुलै २०१२ मध्ये कॉलेज क्रीडा संघटनेने विद्यापीठाला सहा कोटी डॉलरचा दंड केला, संघावर चार वर्षं मोसमाअखेरच्या स्पर्धांची बंदी घातली आणि खेळाडूंना हवं तिथे जायची मोकळीक दिली. काही जण गेले. अर्शेल राहिला, आणि २०१२ व २०१३ या दोन्ही मोसमांत आपल्या विभागाच्या पहिल्या निवडक संघात आला. सोयीचं गणित मांडून पाऊल उचलणारा माणूस अशी त्याची जी प्रतिमा पुढे झाली, तिच्याशी हा तपशील फारसा जुळत नाही.

राखीव गार्डचं अर्थकारण

मे २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजमधून येणारे खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडायच्या प्रक्रियेत, रेव्हन्सने त्याला पाचव्या फेरीत, एकूण १७५ व्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या फेरीतल्या खेळाडूंवर क्लबचे लाखो डॉलर अडकलेले असतात, त्यामुळे ते चुकले तरी त्यांना पुनःपुन्हा संधी मिळते. पाचव्या फेरीतल्याला ती चैन नाही.

त्याचा करार चार वर्षांचा, सहीचा बोनस धरून साधारण चोवीस लाख डॉलरचा. ऐकायला भलता वाटतो. पण मूळ वेतन लीगच्या किमान दराइतकंच होतं: पहिल्या वर्षी ४,२०,००० डॉलर, मग ५,१०,०००, मग ६,००,०००, आणि २०१७ साठी ६,९०,०००. हे वेतन मोसमातल्या सामन्यांच्या आठवड्यांत हप्त्याहप्त्याने मिळतं आणि त्याची हमी नसते. उन्हाळी शिबिरात ९० खेळाडू असतात, सप्टेंबरात ५३ उरतात. ज्याला कमी केलं त्याला त्या वर्षाचं वेतन नाही. म्हणजे करार चार वर्षांचा दिसत असला तरी खेळाडू त्याच्याशी बांधलेला, क्लब मात्र मोकळा. आपल्याकडे कंत्राटी नोकरी केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

सामन्याच्या दिवशी त्या ५३ पैकी ४६ जणच पोशाख चढवू शकायचे. त्यांत आक्रमक फळीचे साधारण सात-आठ. पाच खेळणारे धरले तर राखीव दोन किंवा तीन, आणि त्यांच्यापैकी एकाला मधल्या तिन्ही जागा येणं भाग. रेव्हन्ससाठी तो माणूस अर्शेल होता. डावा गार्ड जायबंदी झाला तर तो, उजवा झाला तर तो, सेंटर झाला तरी तोच. पहिल्याच वर्षी, जानेवारी २०१५ च्या बाद फेरीत, दुखापतींमुळे फळीची फेररचना झाली आणि त्याला उजव्या गार्डच्या जागी सुरुवातीपासून उतरवलं गेलं. पिट्सबर्गला त्यांनी ३०–१७ ने हरवलं. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध ३५–३१ ने निसटता पराभव झाला.

तीन मोसमांत नियमित सामने ४०, त्यांपैकी सुरुवातीपासून १३. हीच त्याची सगळी कारकीर्द. खेळाडूंच्या संघटनेने वर्षानुवर्षं सांगितलेली सरासरी कारकीर्द ३.३ वर्षांची आहे. लीगला ते गणित मान्य नाही, पण कोणत्याही मोजणीत अर्शेल अपवाद ठरत नाही. ना तारा, ना फसलेला.

अपवाद होता तो त्याचा खर्च. मार्च २०१५ मध्ये त्याने स्वतःच लिहिलं की तो वर्षाला २५ हजार डॉलरपेक्षा कमी पैशांत राहतो आणि जुनी निसान व्हर्सा चालवतो. काटकसर म्हणून नव्हे. त्याला आवडणाऱ्या गोष्टी, म्हणजे गणित वाचणं, संशोधन आणि बुद्धिबळ, या फार स्वस्त आहेत म्हणून. लोकांनी यावर कौतुकाचे लेख लिहिले. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ज्याच्या डोक्यावर मोठ्या घराचे हप्ते नाहीत, ज्याच्या पगारावर दहा नातेवाईक अवलंबून नाहीत, त्याला सहा लाख नव्वद हजार डॉलरवर पाणी सोडता येतं. हे स्वातंत्र्य त्याने २०१७ च्या कितीतरी आधी विकत घेऊन ठेवलं होतं.

मार्च २०१५ मधलं उत्तर

त्या लेखनाला निमित्त होतं ख्रिस बोरलँडचं. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा हा गुणी लाइनबॅकर, म्हणजे बचाव फळीच्या मागे उभा राहणारा खेळाडू, वय २४. एकच मोसम खेळून मेंदूच्या धोक्याचं कारण देत तो बाहेर पडला. दुसऱ्याच दिवशी लोक अर्शेलकडे वळले: तू तर गणितज्ञ, मग तू का खेळतोस?

अर्शेलने खेळाडूंसाठीच्या एका संकेतस्थळावर उत्तर लिहिलं. बोरलँडचा आपल्याला हेवा वाटतो, हे त्याने आधीच मान्य केलं. निखळ तर्काने पाहिलं तर आपण खेळू नये, गणितात आपलं भवितव्य चांगलं आहे आणि पैशासाठीही आपल्याला या खेळाची गरज नाही, हेही लिहिलं. तरीही तो खेळणार होता. कारण? समोरच्याला धडकून त्याच्यावर मात करण्याची झिंग दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि फार दिवस ती मिळाली नाही तर आपण सहवासाला बरे राहत नाही.

एवढं प्रांजळ उत्तर या वादात क्वचित सापडतं. त्यात बचाव नाही. धोका खोटा आहे किंवा आकडे फुगवलेले आहेत असं तो कुठेच म्हणत नाही. तराजूच्या एका पारड्यात मेंदू आहे हे कबूल करून दुसऱ्या पारड्यात काय आहे ते तो दाखवतो.

त्याच सुमारास त्याचा आणखी एक शोधनिबंध प्रकाशित होत होता, पेन स्टेटमधल्या तिघा सहकाऱ्यांसोबतचा. विषय होता आलेखाचा फीडलर सदिश झपाट्याने काढण्याची पद्धत. यातला आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा: रस्त्यांचं जाळं, संगणकांचं जाळं, माणसांच्या ओळखी, काहीही. अशा जाळ्याचे कमीत कमी रेषा तोडून जवळपास सारखे दोन भाग करायचे तर कुठे कापावं? जाळं मोठं असेल तर सगळे पर्याय तपासणं अशक्य. चेक गणितज्ञ मिरोस्लाव्ह फीडलर यांच्या कामातून एक वाट निघाली. जाळ्याचं एका विशिष्ट सारणीत, म्हणजे संख्यांच्या चौकटीत, रूपांतर करायचं आणि तिच्या दुसऱ्या सर्वांत लहान आयगेनमूल्याचा (सारणीशी जोडलेल्या एका खास संख्येचा) सदिश, म्हणजे संख्यांची एक यादी, काढायचा. त्यात प्रत्येक बिंदूला एक संख्या मिळते. धन संख्यांचे बिंदू एका बाजूला, ऋण दुसऱ्या बाजूला. कोट्यवधी बिंदूंच्या जाळ्यासाठी हा सदिश काढणं महागात पडतं. अर्शेल आणि सहकाऱ्यांची पद्धत जाळं पायरीपायरीने आक्रसत नेते, छोट्या रूपावर उत्तर काढते आणि तेच उत्तर मोठ्या रूपाकडे सुधारत आणते. याआधी, २०१४ मध्ये, लुडमिल झिकातानोव्ह यांच्यासोबत त्याने दाखवलं होतं की आलेख जोडलेला असेल तर या कापणीचे दोन्ही भाग आपापल्या ठिकाणी अखंड राहतील असा सदिश निवडता येतोच.

हे सगळं रिकाम्या वेळात चालायचं. इकडे नोकरी सांभाळून पीएचडी करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या नोकरीत कुणी दिवसाला साठ वेळा डोक्यावर येऊन आदळत नाही.

ऑगस्ट २०१५

उत्तर लिहून पाच महिने झाले असतील. शिबिरातल्या सरावात हेल्मेटवर हेल्मेट आदळलं आणि अर्शेल बेशुद्ध पडला. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. काही आठवडे तो मैदानाबाहेर राहिला.

नंतर एका मुलाखतीत त्याने जे सांगितलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. फुटबॉलसाठी तो साधारण तीन आठवड्यांत तयार झाला. पण वरच्या पातळीचं गणित करताना मनात जी चित्रं उभी करावी लागतात, ती क्षमता परत यायला त्याहून जास्त वेळ लागला.

लीगच्या नियमाप्रमाणे कन्कशन झालेल्या खेळाडूची तपासणी होते: लक्षणं, तोल, स्मरण, प्रतिक्रियेचा वेग, आणि मूळ चाचणीशी तुलना. ती पार पडली की तो खेळायला मोकळा. या चाचणीला दिसेल तेवढाच बिघाड दिसतो. बहुतेक खेळाडूंकडे त्यापलीकडे मोजायला दुसरं साधन नसतं. डॉक्टरांनी हो म्हटलं, डोकं दुखायचं थांबलं, की झालो बरे. अर्शेलकडे ते साधन होतं. रोजचं कामच असं की मेंदूत जरा कुठे ढिलाई आली तर सिद्धता पुढे सरकत नाही. चाचणीने त्याला बरा ठरवलं तेव्हा तो अजून बरा नव्हता, आणि हे त्याला स्वतःला कळलं. चारचौघा लाइनमनांना हीच गोष्ट कशी कळावी?

तरी इथेही सोपी कथा रचता येत नाही. यानंतर तो लगेच थांबला नाही. २०१५ चा मोसम खेळला, २०१६ चाही खेळला. कन्कशनने निर्णय झाला असता तर तो तेव्हाच झाला असता.

मग बदललं काय?

२०१६ च्या सुरुवातीला तो एमआयटीत पीएचडीसाठी दाखल झाला. मार्गदर्शक मिशेल गोमान्स. मोसम नसेल तेव्हा एमआयटी जिथे आहे त्या अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये गणित, उन्हाळ्यापासून बाल्टिमोरमध्ये फुटबॉल. २०१५ मध्ये गणित हे पुढे कधीतरी करायचं काम होतं, आता ते चालू काम झालं. दोन्हींचं वेळापत्रक एकमेकांच्या अंगावर येत होतं. एमआयटीतल्या सहाध्यायांचं संशोधन शरद ऋतूतही चालू राहायचं, त्याचं थांबायचं. निवृत्तीच्या निवेदनात त्याने नेमकं हेच लिहिलं: आता वर्षभर गणित करता येईल, विभागात बसता येईल, फक्त शरद सत्रात शिकवले जाणारे विषय शिकता येतील. आणि दुसरी गोष्ट, डिसेंबरमध्ये त्याचं पहिलं मूल जन्माला येणार होतं. एनएफएलच्या खेळाडूसाठी डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम.

याच काळात लीगची भाषाही बदलली होती. फुटबॉल आणि सीटीईचा संबंध आहे, हे लीगच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने मार्च २०१६ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीसमोर पहिल्यांदा मान्य केलं. माजी खेळाडूंच्या दाव्यातली सुमारे शंभर कोटी डॉलरची तडजोड जानेवारी २०१७ मध्ये लागू झाली. पण अर्शेलला यातून नवीन काही कळलं असेल असं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट कुठल्याच बातमीत ठळकपणे आली नाही. एनएफएलच्या निवृत्तिवेतनाचा हक्क तीन मान्य मोसम पूर्ण झाले की पक्का होतो. २०१६ चा मोसम अर्शेलचा तिसरा होता. त्यासाठीच तो थांबला होता असं त्याने कधी म्हटलेलं नाही, आणि वर्षाला २५ हजारांत राहणारा माणूस निवृत्तिवेतनासाठी एक मोसम जास्त खेळेल असंही मला वाटत नाही. पण दोन वर्षांनी बाहेर पडणारा खेळाडू आणि तीन वर्षांनी बाहेर पडणारा खेळाडू यांत हा फरक असतो, आणि ड्रेसिंग रूममध्ये तो प्रत्येकाला तोंडपाठ असतो.

आता त्या अभ्यासाकडे येऊ. १११ पैकी ११० हा आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, पण तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? ते मेंदू दान केलेले होते. ज्या घरांनी नवऱ्याला, मुलाला शेवटच्या वर्षांत बदलताना पाहिलं, त्याच घरांकडून दान होण्याची शक्यता जास्त. म्हणून हा आकडा एनएफएलमधल्या सगळ्या खेळाडूंना लावता येत नाही, हे अभ्यासकांनी स्वतःच नमूद केलं होतं. त्यात हा आजार जिवंतपणी पक्का ओळखता येत नाही. म्हणजे २६ वर्षांच्या अर्शेलला त्या आकड्यावरून स्वतःची शक्यता काढताच येत नव्हती. निवडक नमुन्यावरून अख्ख्या गटाबद्दल अनुमान काढू नये, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात. आकडा बघून गणितज्ञ घाबरला या कथेतली गंमत इथे आहे: त्या आकड्याने हादरून जायचंच असेल तर संघातल्या कुणीही हादरावं, हा माणूस सगळ्यात शेवटी. अभ्यासामुळे त्याच्या विचाराला धक्का मिळालाच नसेल असं म्हणणं धाडसाचं होईल. पण दोन दिवसांत झालेला हा निर्णय नव्हे.

मला दिसतं ते असं. धोक्याचं पारडं २०१५ मध्ये होतं तिथेच २०१७ मध्येही होतं. बदललं ते दुसरं पारडं. धडकण्याची झिंग तीच राहिली, पण तिच्या बदल्यात आता एमआयटीतलं अर्धं वर्ष, जन्माला येणारं मूल आणि ऑगस्ट २०१५ मध्ये काही आठवडे हरवून बसलेली ती क्षमता द्यावी लागत होती. शिवाय समोर होता कराराचा शेवटचा, हमी नसलेला हंगाम.

सेंटरची रिकामी जागा

त्या हंगामात एक मोठी संधीही होती. मार्च २०१७ मध्ये रेव्हन्सने आपला नियमित सेंटर जेरेमी झुटा याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. त्या जागेसाठी शिबिरात जे दावेदार होते त्यांत अर्शेल आणि रायन जेन्सन हे मुख्य. जेन्सनही १९९१ चाच, अर्शेलहून महिनाभर मोठा. तो २०१३ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत आला होता. कोलोरॅडो स्टेटच्या पुएब्लो शाखेसारख्या छोट्या ठिकाणाहून आलेला.

अर्शेल गेला आणि जेन्सन त्या वर्षी सगळे १६ सामने सेंटर म्हणून खेळला. मार्च २०१८ मध्ये टॅम्पा बेने त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकलेल्या संघाचा सेंटर होता. जुलै २०२२ च्या शिबिरात त्याचा गुडघा गेला. त्यानंतर त्याला जेमतेम एक सामना खेळता आला आणि २०२४ मध्ये तो निवृत्त झाला.

अर्शेल राहिला असता तर हे पैसे त्याला मिळाले असते असं मुळीच नाही. जेन्सन कदाचित सरावातच त्याच्या पुढे गेला असता. पण नको असलेली नोकरी सोडली, असं अर्शेलबद्दल म्हणता येत नाही. राखीव गार्डला आयुष्यात एकदा मिळते तशी संधी त्याने शिबिराच्या पहिल्याच दिवशी जाऊ दिली. आणि त्या फळीतल्या इतरांकडे जायला एमआयटी नव्हतं. तोच अभ्यास त्यांनीही मंगळवारी वाचला आणि गुरुवारी ते सरावाला उभे राहिले. धोका कळल्यावरही लाइनमन खेळत का राहतात, याचं उत्तर शोधायचं तर अर्शेलपेक्षा त्यांच्याकडे पाहायला हवं, आणि ती कथा कुणी लिहीत नाही.

पुढे

२०२१ मध्ये अर्शेलला पीएचडी मिळाली. मग हार्वर्डच्या सोसायटी ऑफ फेलोजमध्ये आणि प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत काही काळ काढून २०२३ मध्ये तो एमआयटीच्या गणित विभागात सहायक प्राध्यापक झाला.

त्या सुमारास एमआयटीतलेच गणितज्ञ ॲलन एडलमन यांच्यासोबत त्याने एका जुन्या प्रश्नावर काम केलं. समीकरणांचा संच सोडवताना शाळा-कॉलेजात शिकवली जाते ती एकेक चल काढून टाकण्याची पद्धत संगणकही वापरतो. त्या वाटेवर मधल्या संख्या किती फुगू शकतात? फुगल्या तर उत्तरातली चूकही फुगते. दर पायरीला उरलेल्या सारणीतली सर्वांत मोठी संख्या निवडून पुढे गेलं, तर ही वाढ सारणीच्या आकारापेक्षा, म्हणजे n पेक्षा जास्त होत नाही, असा समज १९६० च्या दशकापासून होता. १९९१ मध्ये १३ आकाराच्या सारणीने तो मोडला, आणि त्या उदाहरणातली संगणकीय ढिलाई दुरुस्त करून ते पक्कं करण्याचं काम खुद्द एडलमन यांनीच केलं होतं. अर्शेल आणि एडलमन यांनी दाखवलं की समज कुठेतरी एखाद्या ठिकाणी मोडतो असं नाही. ११ पासून पुढे प्रत्येक आकाराला तो मोडतो, आणि काही आकारांना तर वाढ आकाराच्या तिपटीहूनही जास्त होते.

फुटबॉलशी त्याने नातं तोडलं, असं ज्यांना त्याला खेळविरोधी चळवळीचा चेहरा करायचं होतं त्यांनी गृहीत धरलं. पण २०२० मध्ये तो कॉलेज फुटबॉल प्लेऑफच्या निवड समितीवर गेला. तेव्हा देशातले सर्वोत्तम चार संघ निवडणाऱ्या त्या समितीच्या सदस्याला शरद ऋतूत दर आठवड्याला ढीगभर सामने पाहावे लागायचे. त्याच आठवड्यांत गणित करता यावं, म्हणून त्याने रेव्हन्स सोडले होते.